किल्ली कुणाकडे ठेवू?

ताई,

मी एका खेड्यातल्या ‘ड’ वर्ग, म्हणजे सरकारी वर्गवारीत सगळ्यात खालच्या, सार्वजनिक वाचनालयात १४ वर्षं ग्रंथपाल आहे. ग्रंथपाल, लिपिक, शिपाई, सगळं मीच. महिन्याला दोन हजार रुपये पडतात, तेही अनुदानाचा हप्ता आला की एकदम. तालुक्याच्या गावी कापडदुकानात आठ हजारांची नोकरी सांगून आलीय. घरचे म्हणतात, जा. पण माझा पाय निघत नाही.

पुढच्या महिन्यात जिल्ह्याच्या कर्मचारी संघटनेनं कलेक्टर कचेरीसमोर एक दिवसाचं धरणं ठेवलंय. आमचे कार्यवाह सर निवृत्त मुख्याध्यापक आहेत, माणूस अगदी देवमाणूस. त्यांच्या कानावर घातलं तर म्हणाले, “बाई, वाचनालय ही सेवा आहे. इथं युनियन शोभत नाही.” रागावले नाहीत, पण चेहरा पडला त्यांचा. शिवाय सात-आठ मुलंमुली पोलीस भरतीच्या अभ्यासाला सकाळी सहापासून येऊन बसतात. मी गेले तर त्या दिवशी किल्ली कुणाकडे ठेवू? आणि मुळात मी जावं का?

– वाचनालयाच्या बाई

*

प्रिय बाई,

जा. धरण्याला नक्की जा. उत्तर आधी देते, कारणं मागून.

तुमच्या दोन हजारांपासून सुरुवात करू. हा आकडा सरांनी ठरवलेला नाही आणि ती तुमच्या कामाची किंमतही नाही. तो एका भागाकारातून आला आहे. २०१२ च्या वाढीनंतर ‘ड’ वर्ग वाचनालयाचं वर्षाचं अनुदान ३० हजार रुपये झालं. त्यातले निम्मे वेतनाचे, निम्मे वेतनेतर खर्चाचे. पंधरा हजार भागिले बारा, म्हणजे महिन्याला साडेबाराशे. पुढची दहा वर्षं हा आकडा हलला नाही. २०२२ मध्ये ६० टक्के वाढ जाहीर झाली, ३० चे ४८ हजार झाले, आणि त्याच भागाकारातून तुमचे दोन हजार निघाले. उरलेल्या २४ हजारांत पुस्तकं, वर्तमानपत्रं, वीजबिल, बांधणी, हिशेबतपासनिसाची फी, पावसाळ्यात गळणारा पत्रा. सरांनी उद्या मनात आणलं तरी त्यांना कुठून देता येणार? म्हणून सर आणि तुम्ही समोरासमोर उभे आहात असं मनात आणू नका. तुमचं मागणं सरकारकडे आहे.

असं का झालं हेही समजून घ्या, कारण मांडवात कुणी पत्रकार विचारेल तेव्हा सांगता आलं पाहिजे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ चा. तामिळनाडूत, कर्नाटकात मालमत्ता करासोबत ग्रंथालय कर गोळा होतो. आपल्या कायद्यात तसा कर नाही. आपल्याकडे गावोगावच्या संस्थांनी वाचनालयं चालवायची आणि सरकारनं त्यांना मान्यता देऊन अनुदान द्यायचं, अशी घडी बसली. ती घडी वाईट नव्हती. तिच्यामुळेच आज राज्यात अकरा हजारांहून जास्त वाचनालयं आहेत. पण अनुदान संस्थेला मिळतं, पदाला नाही. अनुदानित हायस्कुलातल्या ग्रंथपालाला वेतनश्रेणी आहे. त्याच गावात, त्याच रस्त्यावर, तीच पुस्तकं देणाऱ्या तुम्हाला नाही. कायद्याच्या लेखी तुम्ही संस्थेचं माणूस, आणि संस्थेच्या हातात काही नाही. पीएफच्या कायद्याला एका संस्थेत वीस माणसं लागतात. तुमच्याकडे एक आहे.

एवढ्यासाठीच तुम्हाला संघटना लागते. गिरणीत एका छताखाली हजार माणसं असायची, भोंगा झाला की फाटकाशी भेटायची. तुमची माणसं अकरा हजार छपरांखाली एकेकटी बसलेली आहेत. एकमेकींची तोंडंसुद्धा बघत नाहीत, बघितलीच तर जिल्ह्याच्या ग्रंथोत्सवात, खुर्च्या लावताना.

आता सरांचं म्हणणं. ते मी हलक्यात घेत नाही. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं. या संस्था पदरमोड करणाऱ्यांनी, वर्गणी मागत फिरणाऱ्यांनी वाढवल्या. सर त्याच माळेतले आहेत आणि त्यांच्याविषयी तुम्हाला आदर वाटतो तो योग्यच आहे. पण पदाधिकाऱ्याची सेवा वेगळी आणि कर्मचाऱ्याचं काम वेगळं. सरांना निवृत्तिवेतन मिळतं. त्यांचं पोट दुसरीकडे भरतं म्हणून त्यांना वाचनालयाला वेळ देता येतो, आणि तो ते देतात ही मोठी गोष्ट आहे. तुमचं पोट वाचनालयावर आहे. मुख्याध्यापक असताना सरांनी शिकवलं ती सेवा नव्हती का? होतीच की. आणि महिन्याच्या महिन्याला पगारही होता. तो पगार मिळावा म्हणून शिक्षकांच्या आधीच्या पिढ्या रस्त्यावर उतरल्या होत्या. हे सरांना माहीत असणार. शांतपणे, एकटं गाठून, चहा पिता पिता हे त्यांच्याशी बोला. भांडण म्हणून नको. मला वाटतं, ते ऐकतील.

एक आठवण सांगते. सांगताना अजून जीभ जड होते.

मी ‘ब’ वर्ग वाचनालयात २६ वर्षं काढली. आमच्याकडे एक ज्येष्ठ सहकारी होत्या. फाटकी पुस्तकं त्या स्वतः बांधायच्या. बांधणीची खळ घरून शिजवून आणायच्या, मैद्याची, आत मोरचूद घातलेली, म्हणजे कसर लागत नाही. त्या मोरचुदानं त्यांच्या उजव्या अंगठ्याचं नख कायम निळसर दिसायचं. त्या खळीचे पैसे त्यांनी कधी मागितले नाहीत आणि कुणी विचारलेही नाहीत. एका वर्षी कर्मचाऱ्यांचं निवेदन आलं, वेतनश्रेणीसाठी. त्यांनी सही केली. मी नाही केली. पुस्तकांत राहणाऱ्या माणसानं पैशाची भाषा करू नये, असं मला तेव्हा मनापासून वाटायचं. ३१ वर्षांनी त्या निवृत्त झाल्या तेव्हा शाल, श्रीफळ आणि एक ग्रंथ मिळाला. भाषणं छान झाली. चार वर्षांनी त्यांना मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचं होतं आणि हाताशी पैसे नव्हते. आम्ही सभासदांकडून वर्गणी काढली. यादी घेऊन दारोदार मी फिरले. ज्या बाईनं ३१ वर्षं गावाला वाचायला दिलं, तिच्या डोळ्यांसाठी वर्गणी! तिसऱ्या की चौथ्या घराच्या पायरीवर मला कळलं की सही करायला मी लाजले होते, आणि आता हात पसरायला लाजत नव्हते. पुढच्या आठवड्यात संघटनेची पावती फाडली.

तेव्हा, बाई, सेवा हा शब्द कुणी तुमच्यासमोर ठेवला तर मान खाली घालू नका. दरवर्षी १२ ऑगस्टला आपण डॉ. एस. आर. रंगनाथन यांच्या फोटोला हार घालतो. त्यांनी १९३१ साली पाच सूत्रं दिली. ग्रंथ वापरासाठी आहेत. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ. प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक. वाचकाचा वेळ वाचवा. ग्रंथालय ही वाढती संस्था आहे. यातलं एक तरी सूत्र कपाटाला पाळता येतं का? वाचकाचा वेळ कोण वाचवतं? “परवा तुम्ही मागितलेलं ते परत आलंय, बाजूला ठेवलंय,” असं जी म्हणते ती. कपाट तसं म्हणत नाही.

आणि इथे मला तुम्हाला एक काम सांगायचं आहे. धरण्याच्या आधी दोन आठवडे करा. एक शंभर पानी वही घ्या. देवघेव नोंदवही वेगळी, ही वेगळी. वाचनालयात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येक माणसाची एक ओळ लिहा: वेळ, कोण, कशासाठी आलं. नावं लिहू नका. मी माझ्या शेवटच्या वर्षी असं केलं होतं. त्यातला एक मंगळवार माझ्याकडे अजून आहे. सकाळी ७.१०, आजोबा, पेपर वाचायला, चष्मा विसरले, निधनवार्ता मी वाचून दाखवल्या. ७.३०, चौघं, अभ्यासिका. ९.००, शेतकरी, डाळिंबावरच्या रोगाचं पुस्तक आहे का म्हणून; नव्हतं, कृषी खात्याची पुस्तिका दिली. दुपारी ४.३०, दोघी बहिणी, घरी पाहुणे आहेत म्हणून अभ्यासाला. ५.१५, एक बाई, निराधार योजनेचा अर्ज भरून हवा होता. ५.४०, लहान मुलगा, नुसता बसला, चित्रांचं पुस्तक उलटं धरून, आई बाजार करून येईपर्यंत. रात्री ८ वाजता कुलूप लावताना मोजलं. देवघेव वहीत चार पुस्तकं. या वहीत २३ माणसं.

फरक बघा. सरकारला आपण वार्षिक अहवालात चार पुस्तकं कळवतो. ती २३ माणसं कुठल्याच रकान्यात बसत नाहीत. मग वर बसलेल्यांना वाटतं की आता मोबाइल आलेत, वाचनालयात जातंय कोण. आजोबांचा चष्मा त्यांना कसा दिसणार? मुलींच्या बाबतीत तर मी अगदी ठामपणे सांगते. दोन खोल्यांच्या घरात, जिथे टीव्ही चालू असतो, धाकटं भावंड कडेवर असतं आणि कुणी ना कुणी “जरा पाणी आण” म्हणतं, तिथल्या मुलीला गावात फुकट, सुरक्षित, शांत बसायची दुसरी जागा कुठली आहे? देवळात ती तीन तास पुस्तक उघडून बसू शकत नाही. चावडीवर बसू शकत नाही. ती तुमच्याकडे येते, आणि तिचे आईबाप तिला पाठवतात, कारण तिथं तुम्ही असता. गावाचा विश्वास इमारतीवर आहे असं नाही, तुमच्यावर आहे. तुम्ही कापडदुकानात गेलात आणि सरांनी एखाद्या होतकरू पोराच्या हातात किल्ली दिली, तर वाचनालय उघडं राहील, पण त्या मुलींचं येणं थांबेल. ही वही निवेदनाला जोडा. वर्गणीदार, अभ्यासिकेतली मुलं, आजोबा, त्यांच्या सह्या वेगळ्या कागदावर घ्या. जमलं तर ग्रामसभेत ठराव मांडायला लावा. वाचनालय चालवणं ग्रामपंचायतीच्या कामांच्या यादीतही येतं, हे सरपंचांना आठवण करून द्यायला हरकत नाही. ठराव मांडायला सरांनाच सांगा. त्यांना तो मान शोभेल, आणि युनियन हा शब्दही त्यांना उच्चारावा लागणार नाही.

संघटनेविषयी दोन-चार गोष्टी. संघ आणि संघटना यांत गल्लत करू नका. जिल्हा ग्रंथालय संघ हा वाचनालयांचा असतो, तिथं पदाधिकारी बसतात. कर्मचारी संघटना तुमची. अनुदानवाढीसाठी दोघं पुष्कळदा एकाच मांडवात दिसतात, आणि दिसावेत. पण ‘वाढलेल्या पैशातला किती हिस्सा वेतनाचा’ हा प्रश्न आला की तुमच्या बाजूनं बोलणारं माणूस तुमचंच हवं. वर्गणी भरण्याआधी बघा: संघटना नोंदलेली आहे ना, पावती देतात ना, वर्षातून एकदा सभा घेऊन हिशेब मांडतात ना, कार्यकारिणीत बायका आहेत ना. खेड्यातल्या वाचनालयांत किती ठिकाणी बाईच बसलेली असते. मग व्यासपीठावर सगळे पुरुष कसे? नसतील बायका तर तुम्ही उभ्या राहा. संघटना करणं हा राज्यघटनेनं दिलेला हक्क आहे, आणि कामगार संघटनांचा कायदा तर १९२६ मध्येच झाला होता. तुम्ही चोरून काही करत नाही.

मांडवात प्रभा राव समिती, व्यंकप्पा पत्की समिती ही नावं तुमच्या कानावर पडतील. त्यांच्या शिफारशी लागू करा, वेतनश्रेणी आणि सेवाशर्ती द्या, ही जुनी मागणी आहे. मोठी मागणी लावून धराच. पण मला विचाराल तर तिच्या शेजारी एक छोटी मागणी ठेवा: वेतनाचा हिस्सा महिन्याच्या महिन्याला, थेट कर्मचाऱ्याच्या बँक खात्यात. पैसे अनुदानाच्या हप्त्यासोबत एकदम आले की मधले महिने किराणा दुकानाच्या उधारीवर जातात, आणि त्या उधारीत तुमचा आवाजही जातो. ही मागणी मान्य करायला सरकारला एक रुपयाही जास्त लागत नाही.

किमान वेतनाचा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. येणारच. पण तो एकटीनं कामगार कार्यालयात नेऊ नका. पहिला फटका तुमच्याच वाचनालयाला बसेल, ज्याच्या तिजोरीत काही नाही. तो प्रश्न संघटनेनं, वकील घेऊन, सगळ्यांच्या वतीनं सरकारपुढे न्यायचा आहे.

तुमच्यापुरतं मात्र हे लगेच करून घ्या. नेमणुकीचं पत्र आहे का? १४ वर्षांत दिलं नसेल तर आता मागा, कार्यकारी मंडळाच्या ठरावासह. हजेरीपत्रक रोजच्या रोज भरा, त्याची प्रत घरी ठेवा. ज्या रकमेवर सही करता तेवढीच रक्कम हातात येते ना, हे बघा. सर देवमाणूस आहेत, पण कार्यवाह बदलतात. ग्रंथालय प्रमाणपत्राचा वर्ग झाला नसेल तर करून टाका. वेतनश्रेणी आली त्या दिवशी पहिला प्रश्न शिक्षणाचा निघेल.

कापडदुकानाचं काय? इथे मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही. धरण्याच्या दुसऱ्या दिवशी पगार वाढत नाही. दहा वर्षं साडेबाराशेवर थांबलेला आकडा मी वर सांगितलाच आहे. घरात आजारपण असेल, मुलांची फी तुंबली असेल, तर आठ हजार घ्या आणि मनाला लावून घेऊ नका. वाचनालय सोडून जाणारी बाई गावाचं काही देणं लागत नाही, उलट गावच तिचं देणं लागतं. पण घरचं जमत असेल तर दुकानदाराला अर्धवेळ विचारून बघा. तुमचं वाचनालय सकाळ-संध्याकाळ उघडतं, मधली दुपार मोकळी असेल. पुढच्या जूनपर्यंतची मुदत स्वतःला घाला. तोवर संघटनेत काय हललं ते बघा, मग ठरवा. आणि सोडायचंच ठरलं तर गुपचूप सोडू नका. राजीनाम्यात कारण लिहा, रकमेसकट, आणि त्याची एक प्रत जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना पाठवा.

आता किल्ली.

किल्ली कुणाकडेच ठेवू नका. मला कळतं, तुमचा जीव त्या मुलांत आहे. पण त्या दिवशी दुसऱ्या कुणी दार उघडलं तर कलेक्टर कचेरीसमोर तुम्ही जे सांगायला गेलात ते इकडे गावात पुसलं जाईल. एक दिवस कुलूप दिसू दे. मात्र ते अचानक दिसता कामा नये. सरांना लेखी कळवा, रजेचा अर्ज द्या. तीन दिवस आधी बाहेरच्या फळ्यावर, जिथे तुम्ही रोज सुविचार लिहिता तिथे, तुमच्या अक्षरात लिहा: अमुक तारखेला वाचनालय बंद राहील. ग्रंथपाल कलेक्टर कचेरीसमोर धरण्यावर असतील. ग्रंथपालांचं वेतन: महिना २,००० रुपये. बस, एवढंच. गावातल्या निम्म्या लोकांना हा आकडा पहिल्यांदाच कळेल. तुमचा पगार सरकारी आहे असं त्यांना वाटत असणार; माझ्या गावाला मी निवृत्त होईपर्यंत तसंच वाटत होतं.

मुलांना मात्र फळ्यावरून कळू देऊ नका, तोंडानं सांगा. आदल्या रात्री तासभर जास्त उघडं ठेवा, प्रश्नसंच घरी न्यायला द्या, वहीत नोंदवून. आणि त्यांच्यातल्या दोघांना विचारा, सोबत येता का? एक मुलगा आणि एक मुलगी. एसटीचं भाडं संघटनेकडून घ्या, दुपारच्या जेवणाचा डबा तुम्ही न्या. माइक हातात आला तर तुम्ही दोन वाक्यं बोला आणि मग तो त्या मुलीकडे द्या. ती सकाळी सहा वाजता कुठं जाऊन बसते, तेवढं तिनं सांगावं.

निघताना ती शंभर पानी वही पिशवीत टाकायला विसरू नका.